किळस, भीती आणि विचारदोष यांचे मापन : विचार-कृती अनिवार्यतेची लक्षणे आणि ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसर

सारांश

विचार-कृती अनिवार्यतेच्या लक्षणांमागे भीतीबरोबरच किळस आणि विशिष्ट विचारदोष कार्यरत असतात, हे गेल्या काही दशकांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. या तिन्ही घटकांच्या मापनासाठी प्रमाणित श्रेणी उपलब्ध आहेत. परंतु त्या ज्या समाजांत घडल्या, त्यांहून आपला समाज, भाषा आणि राहणीमान भिन्न आहे. प्रस्तुत लेखात या श्रेणींची ओळख करून देऊन, ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी त्या वापरताना उद्भवणाऱ्या भाषिक, सांस्कृतिक आणि नैतिक प्रश्नांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : अनिवार्यता, किळस, भीती, विचारदोष, विश्वसनीयता, यथार्थता

१. प्रस्तावना

मराठीत 'मंत्रचळ' हा जुना शब्द आहे. मंत्रसाधनेतील चुकीमुळे लागलेले चळ, असा त्याचा रूढ अर्थ. पुन्हा पुन्हा हात धुणारी, कडी लावली की नाही हे दहा वेळा पाहणारी, एकच शंका दिवसभर विचारणारी व्यक्ती आपल्या समाजाला अपरिचित नाही, हे या शब्दाच्या अस्तित्वावरूनच दिसते. परंतु शब्द परिचित असणे आणि त्रास ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिल्या तासाला नेहमी उशिरा येणारी विद्यार्थिनी घरचा गॅस बंद आहे ना हे पाहण्यासाठी जिन्यातून तीनदा परत फिरलेली असू शकते. प्रयोगवही वेळेवर न देणारा विद्यार्थी एका खाडाखोडीपायी तेच पान पाच वेळा लिहीत असू शकतो. प्राध्यापकाच्या दप्तरी मात्र 'अनियमित' आणि 'आळशी' अशाच नोंदी होतात.

अलीकडे महाविद्यालयांतील मानसशास्त्र विभागांत प्रश्नावल्यांच्या साहाय्याने लघुसंशोधन प्रकल्प मोठ्या प्रमाणावर होतात. त्यांत या लक्षणांचाही समावेश असतो. म्हणून प्रश्नावली नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, हे अन्य विद्याशाखांच्या प्राध्यापकांनाही ठाऊक असणे आवश्यक आहे.

२. लक्षणांचे स्वरूप

इंग्रजी आद्याक्षरांनी ओसीडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विकृतीची दोन अंगे आहेत. नको असताना मनात पुन्हा पुन्हा घुसणारे विचार, प्रतिमा किंवा ऊर्मी हे पहिले; आणि त्यातून निर्माण होणारी अस्वस्थता शमविण्यासाठी केलेल्या ठरावीक कृती किंवा मनातल्या मनात केलेले उपचार हे दुसरे. कृती केल्यावर क्षणभर बरे वाटते आणि नेमके हे बरे वाटणेच त्या कृतीला बळकटी देते. धोका खरा नव्हता, हे कळण्याची संधीच व्यक्तीला मिळत नाही.

रॅकमन आणि डि सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, असे घुसखोर विचार सामान्य व्यक्तींच्या मनातही येतात आणि आशयाच्या दृष्टीने ते रुग्णांच्या विचारांहून फारसे वेगळे नसतात. फलाटाच्या कडेला उभे असता 'आपण समोरच्याला ढकलले तर?' असा विचार अनेकांच्या मनाला स्पर्शून जातो. बहुतेक जण तो सोडून देतात. काही जण मात्र त्यावरून स्वतःला संभाव्य खुनी ठरवितात. अर्थात भेद विचाराच्या आगमनात नसून त्याला दिलेल्या अर्थात आहे. यामुळेच लक्षणांबरोबर भावना आणि विचारदोष यांचेही मापन करावे लागते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या विकृतीचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे ०.८ टक्के आढळले. त्या सर्वेक्षणात १२ राज्यांचा समावेश होता. महाराष्ट्र त्यांत नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती. वरील प्रमाण या परिसरास लागू पडते असे गृहीत धरले, तर ही समस्या काही हजार कुटुंबांची ठरते.

३. भीती आणि किळस

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या वर्गीकरणात ही विकृती दीर्घकाळ चिंताविकृतींमध्ये गणली जात असे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तिला स्वतंत्र प्रकरण देण्यात आले. सर्व लक्षणांचा उलगडा केवळ भीतीने होत नाही, ही जाणीव या बदलास पोषक ठरली. हात धुणाऱ्या अनेक व्यक्ती 'मला आजाराची भीती वाटत नाही, फक्त कसेसेच होते' असे सांगतात. हे 'कसेसेच होणे' म्हणजे किळस होय.

भारतीय परंपरेला हा भेद नवा नाही. नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायिभाव भय आणि बीभत्स रसाचा स्थायिभाव जुगुप्सा असे स्वतंत्रपणे सांगितले आहेत. बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती होते, असेही भरताने मानले आहे. आधुनिक मानसशास्त्राची भाषा वेगळी असली, तरी या दोन भावना भिन्न असून परस्परांशी जोडलेल्या आहेत, हे निरीक्षण दोन्हीकडे समान आहे.

भीतीत व्यक्ती भविष्यातील हानीकडे पाहते. 'काहीतरी होईल' हे तिचे सूत्र असते, हृदयाचे ठोके वाढतात आणि पळण्याची तयारी होते. किळसेत हानीचा हिशेब गौण असतो. मळमळते, नाक-तोंड आक्रसते आणि वस्तू दूर सारावीशी वाटते. पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. निर्जंतुक केलेले मृत झुरळ फळांच्या रसात बुडवून काढल्यावर, तो रस निर्धोक आहे हे ठाऊक असूनही लोक तो पिण्यास नाखूश होते. एकदा स्पर्श झाला की दोष कायमचा चिकटतो, हा किळसेचा नियम आहे. माहिती दिल्याने तो सहजासहजी मोडत नाही.

उपचाराच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्ण त्रासदायक परिस्थितीस टप्प्याटप्प्याने सामोरा जातो आणि अनिवार्य कृती टाळतो. या पद्धतीत भीती तुलनेने लवकर ओसरते, किळस मात्र सावकाश कमी होते, असे पुढील अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून एखाद्याचे लक्षण भीतीतून आले आहे की किळसेतून, हे मोजून कळले तर उपचारास लागणारा कालावधी आणि धीर यांचा अंदाज बांधता येतो.

४. विचारदोष

येथे 'विचारदोष' म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे. अत्यंत हुशार व्यक्तीतही हे दोष आढळतात. या विकृतीच्या बोधनिक अंगांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने ते तीन समूहांत मांडले आहेत.

पहिला समूह म्हणजे वाजवीपेक्षा जास्त जबाबदारी आणि धोक्याचा फुगविलेला अंदाज. 'रस्त्यातील केळीचे साल मी उचलले नाही, आता कोणी पडले तर तो अपराध माझाच' हा याचा नमुना. सॅल्कोव्स्किस यांनी १९८५ मध्ये जबाबदारीच्या या जाणिवेला विकृतीचे केंद्र मानले. दुसरा समूह परिपूर्णता आणि पूर्ण खात्रीचा आग्रह हा होय. तिसरा समूह म्हणजे विचारांना अवाजवी महत्त्व देणे आणि त्यांच्यावर पूर्ण ताबा हवा असे वाटणे.

तिसऱ्या समूहाशी निगडित अशी 'विचार आणि कृती यांची गल्लत' ही संकल्पना शाफ्रान, थॉर्डार्सन आणि रॅकमन यांनी १९९६ मध्ये १९ विधानांच्या श्रेणीद्वारे मोजली. वाईट विचार येणे हे वाईट कृत्याइतकेच पाप आहे, हा तिचा नैतिक प्रकार. आणि विचार केल्याने घटना घडण्याची शक्यता वाढते, हा संभाव्यतेचा प्रकार.

५. मापनाची प्रमुख साधने

लक्षणांच्या तीव्रतेसाठी येल-ब्राऊन श्रेणी प्रमाण मानली जाते. गुडमन आणि सहकाऱ्यांनी ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत १० बाबी असून पाच विचारांविषयी व पाच कृतींविषयी आहेत. प्रत्येकीस ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ० ते ४० गुण मिळतात. १६ ते २३ गुण मध्यम आणि २४ ते ३१ गुण तीव्र लक्षणे दर्शवितात. ही श्रेणी प्रशिक्षित मुलाखतकाराने भरावयाची असते, हे अनेकदा विसरले जाते. स्वतः भरावयाच्या प्रश्नावल्यांपैकी फोआ आणि सहकाऱ्यांची २००२ ची १८ विधानांची संक्षिप्त प्रश्नावली सर्वाधिक वापरात आहे. धुणे, तपासणे, मांडणी, पछाडणारे विचार, साठवणूक आणि मानसिक निष्प्रभीकरण असे तिचे सहा विभाग असून २१ गुण ही तिची सीमारेषा मानली जाते.

किळसेसाठी हाइट, मॅकॉली आणि रोझिन यांनी १९९४ मध्ये ३२ विधानांची श्रेणी तयार केली. ओलाटुंजी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ती २५ विधानांवर आणली. मूलभूत किळस, मनुष्याच्या प्राणिस्वरूपाची आठवण करून देणाऱ्या गोष्टींची किळस आणि संसर्गाची किळस असे तिचे तीन घटक आहेत. किळस किती सहज येते आणि आलेली किळस किती असह्य वाटते, हे दोन वेगळे गुणविशेष आहेत, आणि त्यांसाठीही स्वतंत्र श्रेणी आहे.

भीती व चिंतेसाठी स्पीलबर्गर यांची सूची क्षणिक चिंता आणि स्थायी चिंता यांसाठी प्रत्येकी २० विधाने वापरते. बेक यांची १९८८ ची सूची २१ लक्षणांवर आधारित आहे. विचारदोषांसाठी वर उल्लेखिलेल्या गटाची २००५ ची ४४ विधानांची प्रश्नावली प्रचलित आहे.

या साधनांचा एकत्रित वापर करताना एक धोका संभवतो. किळसेच्या श्रेणीतील संसर्गविषयक विधाने आणि लक्षणांच्या प्रश्नावलीतील धुण्याविषयीची विधाने आशयाने बरीच सारखी असतात. त्यांच्यात उच्च सहसंबंध आढळला, तर तो दोन घटकांमधील नात्याचा पुरावा असेलच असे नाही. एकच प्रश्न दोनदा विचारल्याचाही तो परिणाम असू शकतो. यावर दोन उपाय आहेत. पहिला, विश्लेषणात संसर्गाचा घटक बाजूला ठेवून उर्वरित किळसेचा संबंध तपासणे. दुसरा, चिंतेचा परिणाम वजा केल्यावरही किळस लक्षणांचे भाकीत करते का, हे पाहणे. शिवाय कागदावरील उत्तरांना वर्तनाची जोड देता येते. व्यक्ती कचऱ्याच्या डब्याच्या किती जवळ जाते, त्यास स्पर्श करते का, याची टप्प्यांनुसार नोंद करता येते.

६. मराठी रूपांतरातील प्रश्न

किळसेसाठी मराठीत एकच शब्द नाही. किळस, शिसारी, ओकारी, तिटकारा, घृणा, विटाळ हे शब्द एका कुळातील असले, तरी समानार्थी नाहीत. शिसारी शरीराला येते. तिटकारा माणसाचा किंवा कामाचाही असतो. घृणेत नैतिक निषेध असतो. विटाळात सामाजिक व्यवस्था असते. विधानाच्या भाषांतरात 'विटाळ' हा शब्द आला, तर उत्तर मानसिक लक्षणाविषयी मिळते की जातीय, धार्मिक संस्काराविषयी, हे सांगता येणार नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी पाणी प्यायल्यानंतर सवर्णांनी त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. स्पर्शाने दोष कायमचा चिकटतो हाच नियम तेथे कार्यरत होता. परंतु तो मनोविकार नव्हता, तो अन्याय होता. पूर्वग्रहाला आजाराचे नाव देणे आणि आजाराला संस्काराच्या नावाखाली झाकणे, या दोन्ही चुका मापनकर्त्याने टाळल्या पाहिजेत.

दुसऱ्या प्रकारची चूक घरोघरी घडते. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या कुटुंबात मुलीचे तासन्तास न्हाणे 'शिस्त' म्हणून खपून जाते. बंगालमध्ये 'शुचिबाई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्तनाचा अभ्यास १९७५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्याच वर्षी चंदीगड येथील ८२ रुग्णांच्या लक्षणांचे विश्लेषणही प्रसिद्ध झाले आणि त्यात घाण व संसर्ग हाच आशय सर्वाधिक आढळला. रूढी आणि लक्षण यांतील भेद ओळखण्याची कसोटी अशी सांगता येईल : रूढीला ठरलेली वेळ, ठरलेली मर्यादा आणि समूहाची संमती असते, लक्षण मात्र मर्यादा ओलांडते, रूढी पाळणाऱ्या घरातील इतरांनाही ते जाचक वाटते आणि ते करणाऱ्यास समाधान लाभत नाही.

काही विधाने शब्दशः भाषांतरित करून उपयोगी पडत नाहीत. माकडाचे मांस खाण्याविषयीच्या विधानाला शाकाहारी विद्यार्थी मूल्यांपोटी नकार देईल. त्यावरून त्याची किळसप्रवणता कळणार नाही. मृतदेहाच्या स्पर्शाविषयीच्या विधानात अंत्ययात्रेनंतर स्नान करण्याचा रिवाज मिसळतो. दुसऱ्याच्या पेल्यातून पाणी पिण्याविषयीच्या विधानात उष्ट्याचा संकेत येतो. 'वास्तू तथास्तु म्हणते' किंवा 'शुभ बोल नाऱ्या' असे म्हणणाऱ्या समाजात 'वाईट बोलल्याने वाईट घडू शकते' या विधानास होकार देणारा प्रत्येक जण विचार-कृतीची गल्लत करणारा मानावा काय? त्याला केवळ विश्वास आहे की त्या विश्वासापायी तो दिवसभर मनात प्रतिमंत्र जपतो, हे स्वतंत्रपणे विचारले पाहिजे.

यासाठी मूळ प्रश्नावलीचे मराठी रूपांतर, अन्य व्यक्तीकडून त्याचे उलट भाषांतर, तज्ज्ञांकडून आशयाची छाननी, छोट्या गटावर पूर्वचाचणी आणि त्यानंतर विश्वसनीयता व यथार्थता यांची नव्याने निश्चिती, हा क्रम पाळणे आवश्यक आहे. मूळ श्रेणीचा विश्वसनीयता गुणांक मराठी रूपांतरास आपोआप लागू होत नाही. तसेच ठाण्यातील इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी आणि कल्याणच्या ग्रामीण भागातून आगरी बोली बोलत येणारा विद्यार्थी यांना एकच वाक्य सारखेच समजते, असे गृहीत धरू नये.

७. परिसराचे वास्तव

येल-ब्राऊन श्रेणीत कृतींवर खर्च होणाऱ्या वेळास गुण आहेत : एक तासाहून कमी असल्यास सौम्य, एक ते तीन तास मध्यम, तीन ते आठ तास तीव्र. परंतु जेथे नळाला ठरावीक वेळीच पाणी येते किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तेथे धुण्याच्या वेळावर पाण्याचीच मर्यादा पडते. एका खोलीत पाच माणसे राहत असतील, तर न्हाणीघर तासभर अडविता येत नाही. अशा व्यक्तीचे वेळेचे गुण कमी येतील. तिची अस्वस्थता मात्र कमी नसेल. ती स्पर्श टाळेल, बाहेर पाणी पिणे सोडेल, आईला पुन्हा पुन्हा विचारेल किंवा मनातल्या मनात उपचार करील. म्हणून टाळाटाळ, मानसिक कृती आणि कुटुंबीयांचा सहभाग यांविषयी आवर्जून विचारले पाहिजे.

धोक्याच्या अंदाजाचेही तसेच आहे. अंदाज फुगविलेला आहे असे म्हणण्यापूर्वी खरा धोका किती, हे पाहावे लागते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांत जीवितहानी झाली. आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. तेथील रहिवाशाने उग्र वास येताच खिडक्या लावून घेतल्या, तर तो विचारदोष नव्हे. गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी उभे राहण्याची भीती हीदेखील अनुभवातून आलेली आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत हात धुणे, दाराच्या कड्या पुसणे, अंतर राखणे हे सार्वजनिक कर्तव्यच झाले होते. त्या काळात गोळा केलेल्या गुणांची तुलना आधीच्या वा नंतरच्या गुणांशी करताना सावधगिरी बाळगली पाहिजे. वास्तव भीती परिस्थिती बदलताच कमी होते. अनिवार्य भीती पुरावा मिळाल्यावरही पुन्हा पुरावा मागते. हा भेद मुलाखतीशिवाय कळत नाही.

परिपूर्णतेच्या आग्रहाबाबत तर शिक्षणव्यवस्थेने आत्मपरीक्षण करावे अशी स्थिती आहे. खाडाखोड नसलेली वही, एकही गुण न गमावण्याची अपेक्षा, दहावी-बारावीच्या टक्केवारीचा दबाव या गोष्टी विचारदोषाचे कौतुक करतात. त्यामुळे या घटकावर विद्यार्थ्यांचे सरासरी गुण वाढलेले आढळल्यास तो व्यक्तींचा दोष मानावा की वातावरणाचा, हा प्रश्न संशोधकाने विचारला पाहिजे.

८. गुणांकाचा अर्थ आणि प्राध्यापकाची जबाबदारी

प्रश्नावली चाळणी करते, निदान करीत नाही. याचे गणित समजून घेणे उद्बोधक आहे. समजा, एका महाविद्यालयातील १००० विद्यार्थ्यांपैकी १० जणांना ही विकृती आहे. प्रश्नावली आजार असलेल्या १०० पैकी ८० जणांना अचूक ओळखते आणि आजार नसलेल्या १०० पैकी ८० जणांना अचूक वगळते, असे मानू. तर १० पैकी ८ जण ओळखले जातील. परंतु उर्वरित ९९० पैकी १९८ जणही सीमारेषेच्या वर येतील. एकूण २०६ जणांपैकी खरोखर आजारी ८, म्हणजे सुमारे ४ टक्के. उरलेल्या १९८ जणांना 'तुला ओसीडी आहे' असे सांगणे हा अन्याय ठरेल. आणि जे २ जण निसटले त्यांना 'तू ठीक आहेस' असे सांगणे त्याहून घातक ठरेल.

म्हणून वर्गात प्रश्नावली वाटण्यापूर्वीच लेखी संमती, गोपनीयता आणि सीमारेषेच्या वर गुण आलेल्या विद्यार्थ्यासाठी पुढील मुलाखतीची सोय निश्चित असली पाहिजे. या परिसरात अशा सोयी आहेत. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून कार्यरत आहे. १९९० पासून इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था ठाण्यात मानसिक आरोग्याचे काम करीत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे. नावे वगळून गुण गोळा केले आणि प्रकल्प सादर झाला की काम संपले, ही पद्धत संशोधनाच्या नीतीस धरून नाही. ज्या विद्यार्थ्याने प्रथमच आपले गुपित कागदावर उघड केले, त्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे.

९. समारोप

किळस, भीती आणि विचारदोष या तिन्हींचे स्वतंत्र मापन केल्याने विचार-कृती अनिवार्यतेच्या लक्षणांचे आकलन अधिक नेमके होते. त्यासाठी साधने उपलब्ध आहेत. परंतु त्यांचे मराठी रूपांतर, सामाजिक संकेतांचे भान आणि परिसरातील वास्तव धोक्यांची दखल यांवाचून मिळालेले आकडे दिशाभूल करू शकतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील महाविद्यालयांच्या मानसशास्त्र, मराठी, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र विभागांनी एकत्र येऊन असे एखादे साधन काळजीपूर्वक घडविणे हा आंतरविद्याशाखीय संशोधनाचा उत्तम विषय ठरेल. तोपर्यंत, उशिरा येणाऱ्या विद्यार्थिनीस कारण विचारताना तिचे उत्तर पूर्ण ऐकून घेणे एवढे तरी प्रत्येक प्राध्यापकास शक्य आहे. त्या ऐकण्यातूनच पुष्कळदा योग्य उपचाराचा मार्ग खुला होतो.